सीटी कोरोनरी: डोस आणि चित्र दोन्ही सांभाळायचे तर कामाचा क्रम असा ठेवा

सीटी कोरोनरीत, म्हणजे हृदयाच्या धमन्यांच्या सीटीत, किरणांचा डोस जास्त येतोय अशी तक्रार आली की बहुतेक सेंटरमध्ये पहिला हात एमएच्या (ट्यूबमधल्या विद्युतप्रवाहाच्या) आकड्याकडे जातो. एमए उतरवला की चित्र दाणेदार येतं, रेडिओलॉजिस्टचा फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी एमए होता तिथे परत. मीही हे बरीच वर्षं केलं. गडबड आकड्यात नव्हती, क्रमात होती. एमए हा सगळ्यात शेवटी हात लावायचा आकडा आहे.

कोरोनरीचं चित्र तीन कारणांनी बिघडतं: दाणे, थरथर आणि फिका कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं आयोडीनचं औषध). यातला फक्त पहिला बिघाड डोस वाढवून सुधारतो, तोही महागात. दाणे निम्मे करायचे तर डोस चौपट लागतो. धमनी हलली असेल तर कितीही डोस द्या, हललेलीच दिसणार. कॉन्ट्रास्ट वेळेवर पोचला नसेल तरी तेच. म्हणून चित्र खराब आलं की आधी कोणता बिघाड आहे ते ओळखा, मग बटणाला हात लावा.

हा लेख सीटी टेक्निशियन आणि नवीन रेडिओलॉजिस्ट यांच्यासाठी आहे. औषधांचे डोस दिलेत ते माहितीसाठी. गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय द्यायचं नाही.

टप्पा १: अपॉइंटमेंटच्या फोनवर

अर्धा डोस या फोनवर ठरतो, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. रिसेप्शनवरून "उपाशी या" एवढाच निरोप जातो. पेशंट प्रामाणिकपणे उपाशी येतो, म्हणजे सकाळची बीपीची गोळीही घेत नाही. ती गोळी नेमकी बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी कमी करणारी, असते. वर "फक्त चहाच घेतला" असतो. टेबलवर नाडी ८८.

निरोप असा द्या: चार तास आधीपासून खाणं बंद, पाणी चालेल. चहा, कॉफी, कोला आदल्या रात्रीपासून बंद, म्हणजे साधारण १२ तास. बीपीच्या आणि हृदयाच्या नेहमीच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या. मधुमेहाच्या गोळ्यांचं, विशेषतः मेटफॉर्मिनचं, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाहून डॉक्टर सांगतील तसं. जुने रिपोर्ट आणि सीडी घेऊन या.

फोनवर विचारून ठेवायच्या गोष्टी: स्टेंट आहे का, बायपास झालंय का, दमा आहे का, आधी कॉन्ट्रास्टची रिअ‍ॅक्शन आली होती का, स्त्री पेशंट असेल तर गरोदर असण्याची शक्यता आहे का.

आणखी एक प्रश्न लोक टाळतात. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल (लैंगिक दुर्बलतेवरच्या गोळ्या) चालू आहे का? असेल तर स्कॅनआधी जिभेखाली द्यायचं नायट्रेट देता येत नाही, रक्तदाब धोकादायक घसरतो. बायको शेजारी बसलेली असताना हा प्रश्न विचारलात तर उत्तर "नाही"च येणार. एकट्याला बाजूला घेऊन विचारा. आजोबांनाही विचारा, कारण टाडालाफिल प्रोस्टेटसाठीही देतात आणि त्यांच्या लेखी ती "लघवीची गोळी" असते.

तपासा: या तपासणीची गरज आहे का? अलीकडेच झालेल्या सीटी अँजिओची सीडी पिशवीत निघाली तर रेडिओलॉजिस्टला दाखवल्याशिवाय पेशंटला आत घेऊ नका. न केलेल्या स्कॅनचा डोस शून्य असतो.

टप्पा २: नाडी खाली आणा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

नाडी ६० असताना एका ठोक्याला १००० मिलिसेकंद मिळतात, ८० असताना ७५०. कमी झालेले अडीचशे मिलिसेकंद बहुतेक डायस्टोलमधून जातात, म्हणजे हृदय निवांत असतं नेमक्या त्या वेळेतून. एका ट्यूबच्या मशीनला एका चित्रासाठी जवळपास अर्धी फेरी लागते. फेरी ०.२८ सेकंदांची असेल तर १४० मिलिसेकंद. दोन ट्यूबच्या मशीनला पाव फेरी पुरते, म्हणून तिथे थोडी सूट मिळते. उजवी कोरोनरी सगळ्यात चपळ, थरथर पहिल्यांदा तिथेच दिसते.

नाडी कमी आणि स्थिर असेल तर एक्स-रे ठोक्याच्या छोट्याशा खिडकीतच चालू ठेवता येतो. वेगवान असेल तर खिडकी रुंद करावी लागते आणि डोस त्या प्रमाणात चढतो. लक्ष्य ६० किंवा त्याखाली. ६५ पर्यंत चालवून घेता येतं.

नेहमीची पद्धत म्हणजे मेटोप्रोलॉल ५० ते १०० मिलिग्रॅम तोंडाने, स्कॅनच्या तासभर आधी. तरीही नाडी उतरली नाही तर डॉक्टर शिरेतून ५ मिलिग्रॅमच्या हप्त्यांनी देतात, मॉनिटर लावून. बीटा ब्लॉकर चालत नसेल तर आयव्हाब्रॅडिनचा पर्याय डॉक्टर पाहतात.

सावधान: तीव्र दमा, दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीचा हार्ट ब्लॉक, वरचा रक्तदाब १००च्या खाली, हृदय निकामी होऊन दम लागलेला पेशंट. यांपैकी काही असेल तर बीटा ब्लॉकरची पट्टी हातात घेऊ नका, डॉक्टरांना बोलवा.

गोळी दिली आणि वीस मिनिटांत "चला आत" असं करू नका. मागे गर्दी असते हे मान्य. पण घाईने केलेला एक स्कॅन पुन्हा करावा लागला की वाचलेली चाळीस मिनिटंही जातात आणि पेशंटला डोस दुप्पट बसतो.

याच वेळात सुई लावून घ्या. उजव्या कोपरात हिरवी कॅन्युला, म्हणजे १८ गेज. शीर बारीक असेल तर गुलाबी, २० गेज. निळ्या २२ गेजवर कोरोनरी करायला जाऊ नका, हवा तो वेग त्यातून मिळणार नाही. डाव्या हातातून दिलेला दाट कॉन्ट्रास्ट छातीच्या मोठ्या शिरेत चमकून शेजारी रेघा मारतो. डाव्या मॅमरी धमनीचं बायपास झालं असेल तर उजव्या हाताचा आग्रह धराच.

टप्पा ३: टेबलवर

हात डोक्यावर, ब्लाउजचे हुक, ब्राची तार, मंगळसूत्र, चेन, ताईत काढलेले. मंगळसूत्र काढायला काकू नाराज असतील तर नर्सला बोलायला सांगा, पण वाट्या छातीवर ठेवून स्कॅन करू नका. ईसीजीचे इलेक्ट्रोड हृदयाच्या पट्ट्याबाहेर, वायरी बाजूला.

उंची नीट लावा. गॅन्ट्रीच्या (मशीनच्या गोल कड्याच्या) मध्यबिंदूपेक्षा वर-खाली झालेला पेशंट ट्यूबच्या जवळ आला तर स्काउटमध्ये (आधीच्या आखणीच्या चित्रात) जाड दिसतो. मशीन त्याला खरंच जाड समजतं आणि एमए चढवतं. लांब गेला तर उलट, चित्रात दाणे. हृदय शरीराच्या मध्यरेषेच्या डावीकडे असतं, म्हणून पेशंटला टेबलवर थोडं उजवीकडे सरकवून झोपवा, म्हणजे हृदय मध्यावर येतं.

नातेवाईक "पोटावर लेडचं काहीतरी टाका" म्हणतात. स्कॅनच्या पट्ट्यात लेड आलं तर स्वयंचलित एमए उलट वाढतो. पोटाच्या अवयवांना पोचतो तो बहुतांश शरीरातल्या शरीरात विखुरलेला किरण, तो वरच्या लेडने थांबत नाही. त्यापेक्षा स्कॅनची लांबी कमी ठेवा.

श्वासाची तालीम कराच. मशीनमध्ये भरलेली सूचना इंग्रजीत किंवा हिंदीत असते. तालुक्याच्या गावाहून आलेल्या आजी ती ऐकून बावचळतात आणि नेमक्या तेव्हा विचारतात, "काय म्हणाली ती?" स्वतःच्या आवाजात मराठीत सूचना भरून घ्या, बहुतेक मशीनवर सोय असते. मी असं सांगतो: "आजी, नेहमीसारखा श्वास घ्या, थोडा सोडा, आता थांबवा. पोट दाबायचं नाही, जोर लावायचा नाही." छाती फुगवून, श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब बदलतो, पोटाकडून बिनकॉन्ट्रास्टचं रक्त आत येतं आणि ऐन वेळी कॉन्ट्रास्ट पातळ होतो.

तपासा: तालमीत श्वास रोखल्यावर नाडी किती झाली आणि किती डळमळली? मोड निवडताना हाच आकडा धरा, दारातून आत येतानाचा नाही.

नायट्रेट याच टप्प्यावर, डॉक्टरांच्या सूचनेनुसार: नायट्रोग्लिसरीन ०.४ ते ०.८ मिलिग्रॅम जिभेखाली, स्कॅनच्या सुमारे पाच मिनिटं आधी. त्याने धमन्या रुंदावतात. त्याआधी रक्तदाब पाहा. नायट्रेटने नाडी थोडी उसळू शकते, म्हणून ६० वर काठावर असलेल्या पेशंटमध्ये हे गृहीत धरा.

टप्पा ४: लांबी

फुकटात डोस कमी करायची ही जागा. चित्राला काडीचाही धक्का न लावता.

नेहमीच्या कोरोनरीसाठी श्वासनलिकेच्या फाट्याच्या जरा खालून सुरुवात, हृदयाच्या तळाच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली शेवट. बहुतेकांत १२ ते १४ सेंटिमीटर पुरतात. सवयीने लोक गळ्यापासून यकृताच्या मध्यापर्यंत चौकोन ओढतात, "राहायला नको" म्हणून.

हिशेब करा. सीटीडीआय (मशीनने दाखवलेली डोसची तीव्रता) १४ मिलिग्रे आणि लांबी १२ सेंटिमीटर असेल तर डीएलपी (सीटीडीआय गुणिले लांबी) १६८. तीच लांबी १६ केली तर २२४, म्हणजे एक तृतीयांश जास्त. चार सेंटिमीटरच्या अरुंद डिटेक्टरच्या मशीनवर हे आणखी खटकतं. तिथे स्कॅन ठोक्याठोक्याने तुकड्यांत होतो, आणि अर्धा सेंटिमीटर जास्त ओढलात तर मशीन अख्खा तुकडा वाढवतं. रेषा ओढल्यावर तुकड्यांचा आकडा पाहा. एकाने वाढला असेल तर रेषा जरा आत घ्या.

कॅल्शियम स्कोअर (धमन्यांतलं कॅल्शियम मोजणारा बिनकॉन्ट्रास्टचा स्कॅन) आधी केला असेल तर त्याच्या चित्रांवरून वरची आणि खालची हद्द अचूक ठरवता येते. पण स्टेंट किंवा बायपासच्या पेशंटमध्ये स्कोअरचा उपयोग नसतो, तिथे तो स्कॅन गाळा. बायपास असेल तर लांबी गळ्याच्या पायथ्यापर्यंत न्यावीच लागते, तिथे कंजुषी करू नका.

सावधान: कॅल्शियम स्कोअर १२० केव्हीवरच (केव्ही म्हणजे ट्यूबचा व्होल्टेज). त्याची १३० हाउन्सफील्डची (चित्रातल्या उजळपणाच्या एककाची) मर्यादा १२० केव्हीवर बसवलेली आहे. डोस वाचवायला १०० वर केलात तर कॅल्शियम जास्त उजळ दिसून स्कोअर फुगतो.

टप्पा ५: मोड

नाडी स्थिर आणि ६५च्या आत: प्रॉस्पेक्टिव्ह (एक्स-रे फक्त ठरलेल्या खिडकीत), खिडकी ठोक्याच्या ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास. दोन ट्यूबचं मशीन असेल आणि नाडी ६०च्या खाली, नियमित असेल तर हाय-पिच (टेबल वेगाने सरकवून) घ्या. पूर्ण हृदय एका ठोक्यात उरकतं.

नाडी ७०-७५च्या वर आणि औषधांनी ऐकत नाही: प्रॉस्पेक्टिव्हच, पण खिडकी सिस्टोलवर (हृदय आकुंचन पावतं तेव्हा), ३५ ते ४५ टक्के. वेगवान हृदयात डायस्टोलपेक्षा सिस्टोलचा शेवट जास्त शांत असतो. सवयीने ७५ टक्क्यांवर ठेवून थरथर मिळवणारे मी खूप पाहिलेत.

अनियमित नाडी: अधूनमधून एखादा जादा ठोका असेल तर तो ठोका टाळून पुढच्यावर स्कॅन करणारी सोय चालू ठेवा. एट्रियल फिब्रिलेशन (नाडी सतत अनियमित) असेल तर रुंद खिडकी किंवा रेट्रोस्पेक्टिव्ह (एक्स-रे ठोकाभर चालू). रेट्रोस्पेक्टिव्ह घ्यावा लागला तर ईसीजीनुसार एमए कमी करणारं मॉड्युलेशन चालू आहे का ते डोळ्यांनी पाहा. ते बंद असलं तर संपूर्ण ठोकाभर पूर्ण एमए जातो आणि डोस बराच चढतो. व्हॉल्व्हची किंवा पंपिंगची तपासणी असेल तरच संपूर्ण ठोक्याची गरज असते.

"असू द्या, नंतर लागलं तर" म्हणून खिडकीच्या दोन्ही बाजूंना जादा पॅडिंग ठेवणं हा छुपा खर्च आहे. नाडी ५५ आणि स्थिर असेल तर पॅडिंग शून्यावर आणा.

टप्पा ६: केव्ही, मग कॉन्ट्रास्ट, मग एमए

याच क्रमाने.

केव्ही: ९० किलोपर्यंत किंवा बीएमआय ३०पर्यंत असलेल्याला १०० केव्ही पुरतं. आपल्याकडे येणाऱ्या बारीक चणीच्या बायका आणि म्हाताऱ्या माणसांना बऱ्याचदा ८० सुद्धा चालतं. एमए तोच ठेवून १२० वरून १०० वर आलात तर डोस ३० ते ४० टक्के उतरतो. आयोडीन मात्र जास्त चमकतं, कारण कमी केव्हीच्या किरणांची ऊर्जा आयोडीनच्या ३३ केईव्हीच्या शोषण-पायरीच्या जवळ येते.

समजा १२० केव्हीवर महाधमनी ३०० हाउन्सफील्ड आणि नॉइज (दाणे) २२. तेच १०० वर ४०० आणि नॉइज ३०. दाणे वाढलेले दिसतात, पण गुणोत्तर पहिल्यात १३.६ आणि दुसऱ्यात १३.३, म्हणजे जवळपास तेच. धमनी वाचायला दोन्ही सारखीच.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, केव्ही हाताने उतरवतात आणि स्वयंचलित एमए जुन्याच नॉइजच्या लक्ष्यावर सोडतात. मशीन नॉइज तेवढाच राखायला एमए चढवतं आणि वाचलेला डोस खिशातून परत काढून घेतं. केव्ही उतरवलात तर नॉइजची मर्यादाही थोडी सैल करा. दुसरी चूक वाचताना होते. जुनीच विंडो (पडद्यावरच्या उजळपणाची मर्यादा) लावली की आयोडीन आणि कॅल्शियम दोन्ही पांढरेफटक दिसतात. विंडोची रुंदी १००० ते १२०० आणि मध्य ४०० च्या आसपास नेऊन पाहा.

अपवाद: स्टेंट किंवा खूप कॅल्शियम असेल तर कमी केव्हीवर त्यांची चमक पसरते. तिथे १२० ठेवणं योग्य. जाड पेशंटलाही १२० लागतं. ट्यूबची ताकद १०० वर कमी पडली तर चित्र उपाशी राहतं.

कॉन्ट्रास्ट: ३५० ताकदीचं (मिलिलिटरला ३५० मिलिग्रॅम आयोडीन), सेकंदाला ५ मिलिलिटर, म्हणजे सेकंदाला १.७५ ग्रॅम आयोडीन. एकूण ६० ते ८० मिलिलिटर, मागून ४० ते ५० सलाइन. शरीराच्या तापमानाला गरम करून घ्या, घट्टपणा कमी होतो.

एमए: आता. स्वयंचलित ठेवा.

टप्पा ७: सुरू करण्याच्या क्षणी

इंजेक्शन जोरात जाण्याआधी सलाइनचा चाचणी फवारा मारा आणि कोपरावर बोट ठेवा, फुगलं तर लगेच थांबा. बोलस ट्रॅकिंगचं (कॉन्ट्रास्ट पोचल्याचं पाहून स्कॅन सुरू करण्याचं) वर्तुळ महाधमनीच्या मधोमध, भिंतीला आणि कॅल्शियमला न चिकटता. उंबरठा १०० ते १५०. पहिले आठ-दहा सेकंद मॉनिटर स्कॅन सुरू करू नका, तेवढ्यात कॉन्ट्रास्ट पोचत नाही. "पोटात गरम वाटेल, हलू नका" हे आधीच सांगा. न सांगितल्यास ती ऊब जाणवताच पेशंट दचकतो आणि नाडी उसळते.

टप्पा ८: पेशंटला उतरवण्याआधी

चित्र पाहिल्याशिवाय सुई काढू नका. पण चित्र वाईट दिसलं म्हणून लगेच दुसरा स्कॅनही लावू नका.

थरथर असेल तर उपलब्ध खिडकीतल्या दुसऱ्या क्षणाचं चित्र बनवा. ७५ टक्क्यांवर उजवी कोरोनरी पुसट असेल तर ७० वर स्वच्छ निघू शकते. जादा ठोक्यामुळे पायरी पडली असेल तर ईसीजी एडिट करून तो ठोका वगळा. दाणे असतील तर इटरेटिव्ह किंवा डीप लर्निंग रिकन्स्ट्रक्शनची (दाणे कमी करून चित्र पुन्हा बनवण्याची) पातळी वाढवा, पण चित्र मेणासारखं गुळगुळीत होईपर्यंत नको. स्टेंट असेल तर धारदार कर्नलचा (चित्र बनवायच्या फिल्टरचा) वेगळा संच बनवा. हे सगळं बिनडोसाचं आहे.

एका सेंटरमध्ये मी पाहिलंय: चौपन्न वर्षांचे एक गृहस्थ, उजवी कोरोनरी हललेली, टेक्निशियनने घाबरून दहा मिनिटांत दुसरा स्कॅन केला. दुसऱ्यातही हललेलीच, कारण नाडी तीच होती. संध्याकाळी पहिल्याच डेटातून ४० टक्क्यांचा संच काढला आणि रिपोर्ट निघाला. पॅडिंग त्या दिवशी चुकून रुंद राहिलं होतं, तेच कामी आलं.

पुन्हा स्कॅन करावाच लागला तर रेडिओलॉजिस्टला विचारून, कारण दूर करून आणि फक्त खराब भागापुरता.

टप्पा ९: नोंद

डोसचं पान पॅक्समध्ये (चित्रांच्या संगणकीय साठ्यात) जातंच. त्याशिवाय एक साधी वही ठेवा: वजन, नाडी, मोड, केव्ही, लांबी, सीटीडीआय, डीएलपी, आणि रेडिओलॉजिस्टने दिलेला चित्राचा शेरा. शेऱ्याशिवाय डोसचा आकडा अर्धवट आहे.

डीएलपीवरून मिलिसिव्हर्ट (शरीराला बसलेला परिणामी डोस) काढताना छातीसाठीचा ०.०१४ हा जुना गुणक लोक अजून वापरतात. हृदयासाठी तो कमी भरतो, आता ०.०२६ सुचवला जातो. मघाचा डीएलपी १६८ घेतला तर जुन्या गुणकाने २.४ आणि नव्याने ४.४. म्हणून दोन सेंटरची तुलना करायची तर डीएलपीचीच करा. आणि हे लक्षात असू द्या की पडद्यावरचा सीटीडीआय ३२ सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या नळकांड्यावर मोजलेला असतो. बारीक पेशंटला प्रत्यक्षात त्याहून जास्त बसतो.

आपण कुठे आहोत हे पाहायला एक जागतिक खूण आहे. २००७ साली अनेक देशांतल्या सेंटरचा कोरोनरीचा मधला डीएलपी ८८५ होता. ३२ देशांतल्या ६१ रुग्णालयांत २०१७ साली पुन्हा मोजला तेव्हा तो १९५ निघाला. तुमच्या वहीतले तीन महिन्यांचे पेशंट डीएलपीनुसार चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा काढा. तो ४०० च्या पुढे असेल तर प्रोटोकॉलच्या पानाआधी वहीतला नाडीचा आणि लांबीचा रकाना वाचा.